दुसऱ्या नळीतला खिळा

मिरांडाकाका पाणी ओततात तसं ओतताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. पेला तिरका धरायचा, आत काचेची कांडी टेकवायची आणि तिच्यावरून पाणी असं सोडायचं की आवाज म्हणून होता कामा नये. प्रयोगशाळेत हे शोभून दिसतं. काका स्टाफरूममध्ये स्वतःच्या पिण्याचं पाणीही असंच ओतायचे. कांडी हाताशी नसली तर चमच्याच्या दांड्यावरून. एकदा आमच्या शिपायाने त्यांच्यासमोर जग उंच धरून भडाभडा पेला भरला, तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले. "किती हवा घातलीस रे त्यात," असं म्हणून ते उठूनच गेले. शिपायाला वाटलं आपण काही अपशब्द बोललो.

मी बोरिवलीतल्या एका मराठी शाळेत हेडक्लार्क आहे. मिरांडाकाका तिथेच एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. गोराईहून रोज बोटीने खाडी ओलांडून यायचे आणि प्रार्थनेआधी हजर असायचे. मुख्याध्यापिकांपासून बालवाडीपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणायचे. त्यांच्या लेखी त्यांच्याहून लहान असलेली प्रत्येक बाई ही 'बाय' होती, मग ती शिक्षणाधिकारी का असेना.

काकांचं जगात एकाशीच वैर होतं: पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनशी. "दिसत नाय म्हणून नाय असं नसतं," हे त्यांचं पालुपद. ते त्यांनी रजेच्या अर्जालाही लावून पाहिलं. तुमच्या खात्यावर किरकोळ रजा दिसत नाही, असं मी म्हटलं, तर हेच वाक्य फार गंभीरपणे मला ऐकवलं. रजा मिळाली नाही.

ऑफिसात मी चहाचं आधण ठेवलं की ते वाकून पातेल्यात बघत बसायचे. तळाशी बारीक बुडबुडे धरले की बोट दाखवायचे. "ही उकळी नव्हे, बाय. ही हवा घर सोडून चाललीय. सगळी जाऊ दे, मग पत्ती घाल." हवा घरी राहो की जावो, मला अकरा वाजता चहा लागतो, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

पण या वेडाचा एकदा उपयोग झाला. आमच्या मुख्याध्यापिकांनी केबिनमध्ये माशांची टाकी आणली. नळाच्या पाण्याने मासे आजारी पडतील म्हणून त्यांनी मायेने उकळून गार केलेलं पाणी भरलं. तासाभरात मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. काकांना बोलावलं. त्यांनी कारण विचारलं नाही, तोंडातून फक्त "अरे देवा" निघालं. मग बाह्या सरसावल्या, स्टुलावर चढले आणि तांब्या भरभरून टाकीतलंच पाणी हातभर उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहिले. जन्मभर ज्या हवेला हाकललं तिलाच पंधरा मिनिटं आत घालत होते. केबिनमधलं मस्टर भिजलं. मासे वाचले.

आता मुख्य गोष्ट. नववीला गंजण्याचा एक प्रयोग असतो. तीन परीक्षानळ्या, तीन लोखंडी खिळे. पहिल्या नळीत साधं पाणी, तिथे खिळा गंजतो. तिसरीत ओलावा शोषणारी पूड आणि कोरडी हवा, तिथे गंजत नाही. दुसरीत उकळून हवा काढलेलं पाणी आणि हवा पुन्हा शिरू नये म्हणून वर तेलाचा थर. तिथेही गंजत नाही, असं पुस्तक म्हणतं.

आमच्या शाळेत तो दर वर्षी गंजायचा. त्यावरचा उपायही शाळेइतकाच जुना होता. निकाल दाखवायच्या आदल्या दिवशी विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, "काका, दुसरी नळी तेवढी बघा." काका बघायचे, म्हणजे डब्यातून कोरा खिळा काढून आत सोडायचे. दुसऱ्या दिवशी वर्ग बघायचा, लिहायचा, मार्क मिळायचे. कुणाचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते फक्त काकांचं.

ते दर वर्षी काहीतरी सुधारायचे. आधी पाणी पाच मिनिटं उकळायचं, ते वीस मिनिटं उकळू लागले. ओतताना हवा शिरते म्हणून कांडी आली, आणि ती कायमची हातात राहिली. खिळे पॉलिशपेपरने घासू लागले. मग एका वर्षी त्यांना कळलं की शिपाई तेल म्हणून कँटीनमधलं वड्यांचं उरलेलं तेल आणून देतो, मीठमिरचीसकट. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

यंदा जानेवारीअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, की शेवटच्या बॅचला एकदा तरी खरा, न बदललेला, स्वच्छ खिळा दाखवायचा आणि मग घरी जायचं. माझा निरोप समारंभ नाय केलात तरी चालेल, पण खिळा बघायला या, म्हणाले. म्हणून तेलाची जोखीमच नको, असं ठरवून त्यांनी घरच्या माडांच्या नारळांचं खोबरेल आणलं. तीनदा गाळलेलं, पाण्यासारखं नितळ. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नळ्या लागल्या. काका येता-जाता दुसऱ्या नळीकडे असे बघायचे, जसं इन्क्युबेटरमधल्या बाळाकडे बघावं.

पुढच्याच आठवड्यात थंडी पडली. नॅशनल पार्ककडून गार वारं सुटलं आणि आमच्याकडे तीन दिवस स्वेटर निघाले. त्या थंडीत माझ्या घरी जे झालं तेच प्रयोगशाळेत झालं: खोबरेल गोठलं. गोठलं, आकसलं आणि काचेपासून सुटलं. फटीतून हवा आत गेली. खाडीकाठी जन्म काढलेल्या, दर हिवाळ्यात तेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्या माणसाला हे सुचू नये. पण आपल्या घरच्या तेलाचा अभिमान असला की असं होतं.

पंधराव्या दिवशी दुसरा खिळा तांबूस झालेला होता. सावंतमॅडम, आमच्या विज्ञानाच्या तरुण शिक्षिका, आदल्या दिवशी नेहमीचं वाक्य बोलल्या होत्या. काकांनी पहिल्यांदाच नळी बघितली नाही. गंजलेला खिळा तसाच वर्गासमोर ठेवला आणि आता आरडाओरडा होईल म्हणून भिंतीला टेकून उभे राहिले.

काहीच झालं नाही. मॅडमनी फळ्याकडे तोंड करून निरीक्षण सांगितलं, त्रेचाळीस मुलांनी लिहून घेतलं. तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा घेऊन काका माझ्या टेबलाशी आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. बेचाळीस वह्यांत 'दुसऱ्या नळीतील खिळ्यावर गंज चढला नाही' असं सुवाच्य अक्षरात होतं. एकीत नव्हतं. चारकोपहून येणाऱ्या तनिष्का कांबळेने लिहिलं होतं, 'दुसऱ्या खिळ्यावर पण गंज चढला. तेल गोठलं होतं आणि काचेपासून सुटलं होतं.' खाली मॅडमचा लाल शेरा: 'चूक. पुस्तक पाहून पुन्हा लिही.'

मी म्हटलं, "जाऊ दे ना काका. तीन दिवस राहिलेत तुमचे."

"तेच तर," ते म्हणाले. "एकतीस वर्षं मी खिळा बदलला, बाय. डोळ्यांसमोरचं सोडून पुस्तकातलं लिहायला पोरं माझ्यापासूनच शिकली ना?"

मग ते नळी घेऊन सावंतमॅडमकडे गेले, आणि भांडण झालंच तर सोडवायला कुणी असावं म्हणून मीही गेले. काका म्हणाले, "मॅडम, पोरीचं बरोबर आहे. खिळा गंजला. चूक तेलाची, म्हणजे माझी." मॅडमनी नळी उजेडात धरली. बराच वेळ बघत होत्या. मग हसायलाच लागल्या. मी वर्गात याच्या समोर उभी होते हो काका, म्हणाल्या. त्यांनी शेरा खोडला, खाली 'बरोबर' लिहिलं आणि तनिष्काला बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काकांनी आणि तनिष्काने नवी नळी लावली. पाणी तिने उकळलं. तेल मी दिलं, माझ्या घरचं शेंगदाण्याचं, जे थंडीत गोठत नाही. काकांनी तिला कांडीवरून ओतायला शिकवलं, आणि तिच्या हातून एक थेंबही वाजला नाही तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की जणू तिने बोर्डात नंबर काढला. अडचण एकच होती. खिळ्याला पंधरा दिवस लागणार आणि काकांकडे दोनच उरले होते. नळी माझ्या ऑफिसच्या खिडकीत ठेवली आणि शेजारी निरीक्षणाचा तक्ता चिकटवला.

निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. त्यानंतरच्या सोमवारी काका दहाच्या ठोक्याला दारात. या बाजूला बाजार होता म्हणून आलो, म्हणाले. पुढच्या सोमवारी बँकेत काम निघालं. हातात पिशवी नव्हती, पासबुकही नव्हतं. काकांच्या बायकोला, रिटावहिनींना, जाऊन चार वर्षं झाली आणि मुलगा कतारला असतो, हे मला सर्व्हिसबुकातल्या वारसाच्या नोंदीवरून माहीत होतं. मी विचारलं नाही. चहा ठेवला. तनिष्का खाली यायची, दोघं खिळा बघायचे आणि ती तक्ता भरायची.

पंधरा दिवस झाले तेव्हा खिळा लख्ख होता. सावंतमॅडम अख्खी नववी घेऊन आल्या, माझ्या ऑफिसात पाय ठेवायला जागा उरली नाही. एकेकाने वाकून बघितलं. तनिष्काने लिहिलं, 'पंधरा दिवस पाहिलं. अजून चढलेला नाही.' त्या 'अजून'वर काका इतके खूश झाले की त्यांनी सगळ्या वर्गाला ते वाचून दाखवलं.

मुलं गेली. काकांनी चष्मा खिशात ठेवला, काढला, परत ठेवला.

"झालं मग," ते म्हणाले. "आता काय बघायचं राहिलं नाय. येतो बाय."

"पंधरा दिवसांनी काय कळतं," मी म्हटलं. "तुम्हीच सांगता, दिसत नाही म्हणून नाही असं नसतं. तेलातूनही थोडी हवा जातच असणार."

ते थांबले. हा मुद्दा त्यांना शास्त्रीयदृष्ट्या पटला होता. मी पट्टी घेतली आणि तक्त्याखाली दर सोमवारचे रकाने आखायला लागले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. काका खुर्ची ओढून शेजारी बसले आणि रेघा सरळ येतायत का बघू लागले.

"मेमध्ये शाळेला सुट्टी असते," ते हळूच म्हणाले.

"ऑफिस उघडं असतं," मी म्हटलं आणि मे आखला.