नानांची चिवट वडी

आमच्या शेजारचे नाना वायरमन तिळाची वडी पकडीने तोडतात. सुरीने ती तुटत नाही. पक्कड गरम पाण्याने धुतलेली असते, यावर ते शपथ घ्यायला तयार आहेत.

उभा जन्म पाटोद्याच्या खांबांवर चढण्यात गेला. निवृत्त झाले आणि पाठोपाठ काकू, म्हणजे त्यांची बायको, वारल्या. त्याच वर्षी नानांनी कढई हातात घेतली. बारसं असो, नवी मोटारसायकल असो, कुणाचा पोरगा दहावी पास होवो, नानांकडून वडीची पुडी ठरलेली. पुडी जुन्या वीजबिलाच्या कागदात, वर तांब्याच्या तारेची गाठ. कवळीवाल्यांच्या पुडीला लाल चिकटपट्टी, म्हणजे धोका.

पण पुडी घरपोच मिळत नाही. ती न्यायला त्यांच्या घरी जायचं आणि पहिली वडी तिथेच, त्यांच्यासमोर खायची. "चघळा निवांत. घाई कावून करताव?" म्हणत ते पुढ्यात बसतात. मग वरची दाढ खालच्या दाढेला सोडत नाही. मी उठू लागलो की म्हणतात, "तोंडात घास घिऊन उंबरा वलांडू नये, मास्तर. लक्ष्मी जाती." ही रीत नानांखेरीज कुणालाच ठाऊक नाही, पण तोंड भरलेलं असल्याने कुणाला वाद घालता येत नाही.

नगरपंचायतीचा एक उमेदवार मत मागायला आला होता. त्याने बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात नानांनी वडी सरकवली. पाऊण तास तो हात जोडून बसून होता आणि नाना त्याला काकूंच्या हातचं लोणचं, ऐन दिवाळीत जळालेली गल्लीची विजेची डीपी, सगळं सविस्तर सांगत होते. एकही आश्वासन न देता झालेली आमच्या गल्लीतली ती पहिली प्रचारफेरी. तो निवडूनही आला.

यंदा माझ्या दाढेतलं सिमेंट निघालं आणि माझ्या बायकोचा, सुनंदाचा, धीर सुटला. "नाना, तुम्ही पाक कच्चा उतरवता. चिक्कीचा गूळ घ्या," म्हणत ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी स्वतः त्यांच्या गॅसपाशी उभी राहिली. पाकाचा थेंब पाण्यात टाकून ताटलीवर आपटला, टण्ण वाजला. वड्या अशा खुसखुशीत झाल्या की पकडीला काम उरलं नाही. "लई भारी, सूनबाई," नाना म्हणाले. एवढंच म्हणाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

संक्रांतीला सगळी गल्ली आली. कुर्रम कुर्रम आवाज झाला, "नाना, यंदा जमली बरं का," म्हणत माणसं पुडी घेऊन उठली. चहा उकळेपर्यंत घर रिकामं झालं होतं.

संध्याकाळी मी गेलो तर नाना पक्कड पुसत बसलेले.

"बिघडली बगा वडी," ते म्हणाले.

"बिघडली? लोक नावाजतायत की."

"नावाजून गेले बी. तुमची काकू होती तवा लोक च्या संपला तरी तासभर बसायचे, तिच्या गप्पाच तशा. माज्यापशी कोन बसतंय? वडी दाढंत हाय तवर तरी बसायचे."

इतकी वर्षं आम्ही या माणसाच्या पाकाला हसत होतो, याची लाज वाटली. त्यांनी परातीतली उरलेली एक वडी माझ्या हातावर ठेवली. ती दोन घासांत संपली. नानांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराकडे.

मी रिकामं तोंड हलवत राहिलो.

"आडकली का काय?" नानांनी विचारलं.

मी मान डोलावली.

नाना मांडी सावरून बसले. "चघळा निवांत," ते म्हणाले. "तर त्या दिवाळीला डीपी जळाली ना, मास्तर, तवा ती मला म्हनली..."