इंदूताईंचा डावा खांदा

इंदूताई केळुसकरांना ‘काय, कशा आहात?’ असं कोणी सहज विचारलं, की त्या खरोखर सांगायच्या.

तुम्ही-आम्ही ‘मजेत’ म्हणतो आणि पुढे जातो. इंदूताई थांबायच्या. पर्स डाव्या हातातून उजव्या हातात घ्यायच्या, डोळे मिटून अंगात कुठे काय चाललंय ते क्षणभर तपासायच्या आणि म्हणायच्या, ‘‘काल खांद्यावर होतं, सकाळी पाठीत उतरलं. आता कोपरापाशी येऊन बसलंय. बघू, जेवणाच्या सुट्टीपर्यंत काय करतंय ते.’’ दुखणं म्हणजे घरी राहायला आलेलं एखादं माणूस असावं, अशा त्या बोलायच्या. ऑफिसात नवा लागलेला माणूस हा प्रश्न एकदाच विचारायचा. दुसऱ्या दिवसापासून लांबूनच हात हलवायचा.

आमचं ऑफिस अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत होतं. मागे कारखाना, पुढे ऑफिस. आणि गंमत म्हणजे आमची कंपनी दुखण्यावरच्या गोळ्याच बनवायची. डोकं असो, कंबर असो, दाढ असो, सगळ्यावर एकच पांढरी गोळी. कामगारांना आणि आम्हाला दर महिन्याला एक पाकीट फुकट मिळायचं. इंदूताई डिस्पॅचमध्ये टायपिस्ट. गोळ्यांची खोकी कुठल्या गावाला निघाली त्याची पत्रं त्या दिवसभर टाइप करायच्या, पण स्वतः एक गोळी कधी तोंडात घातली नाही.

‘‘गोळीनं दुखणं जात नाही गं मीना,’’ त्या मला सांगायच्या, ‘‘नुसतं गप्प बसतं. गप्प बसलेलं जास्त वाईट.’’

त्यांच्या वाटणीचं पाकीट मी घरी न्यायची. माझ्या सासूबाईंना त्या गोळ्या फार मानवायच्या.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. उपनगरांत तेव्हा बिनगोळ्यांच्या उपचारांचं पेवच फुटलं होतं. मुलुंडला एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर लोहचुंबकानं सांधे बरे करायचे. घाटकोपरला एक बाई पोटावर आणि कपाळावर ओल्या मातीच्या पट्ट्या ठेवायच्या. बोरिवलीला रंगीत बाटल्यांतून उन्हात तापवलेलं पाणी मिळायचं. अंधेरीत तर दर दोन इमारतींमागे एक तळवे दाबणारा. इंदूताई या सगळ्यांकडे जाऊन आल्या होत्या आणि प्रत्येकाकडून काहीतरी घेऊन आल्या होत्या.

चुंबकवाल्यांनी त्यांना मनगटात घालायला एक पट्टा दिला. तो घालून त्या ऑफिसात आल्या त्या दिवशी माझ्या टेबलावरच्या टाचण्यांची डबी सांडली. इंदूताई मदतीला धावल्या आणि दोन मिनिटांत त्यांचं मनगट साळिंदरासारखं दिसायला लागलं. ‘‘बघ, किती जोर आहे!’’ त्या अभिमानाने म्हणाल्या. खांदा तसाच होता.

मग लाकडी रूळ आला. काटेरी, टेबलाखाली ठेवून पायांनी फिरवायचा. एकदा आमचे पिंटोसाहेब काही सांगायला त्यांच्या टेबलाशी उभे राहिले आणि रूळ निसटून नेमका साहेबांच्या बुटाखाली गेला. साहेब फायलींच्या कपाटाला धरून कसेबसे उभे राहिले. इंदूताईंनी आधी रूळ उचलला, तो मोडला नाही ना ते बघितलं, आणि मग विचारलं, ‘‘साहेब, कुठल्या बाजूला लागलं? डाव्या ना? डावीकडे मूत्रपिंडाचा बिंदू असतो.’’

खिडकीत निळी, हिरवी आणि नारिंगी अशा तीन बाटल्या उन्हात उभ्या असायच्या. कोणती कधी प्यायची याचं एक गणित होतं. ते त्यांनी मला चार वेळा समजावलं, मला एकदाही कळलं नाही.

लोक हसायचे. मीही हसायची. इंदूताईंना ते कळायचं, पण त्या रागवायच्या नाहीत. सत्तेचाळीस वर्षांच्या, सडपातळ, चापूनचोपून नेसलेली सुती साडी, वेणी नेहमी जरा वाकडी, कारण डावा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. लग्न केलेलं नव्हतं. जोगेश्वरीला एका खोलीत राहायच्या. आई होती, ती चार वर्षांपूर्वी वारली. आम्हाला एवढंच माहीत होतं. खरं सांगायचं तर कोणी याहून जास्त विचारलंही नव्हतं.

पुढे माझीच मान धरली. धाकटा मुलगा कडेवर, घरात सात माणसं, आणि मान एका बाजूला वळेना. इंदूताईंना हे कळलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं पेढे वाटतील.

‘‘शनिवारी चल माझ्याबरोबर. अर्धा दिवसच असतो.’’

तेव्हापासून आमचे शनिवार सुरू झाले. ऑफिस सुटलं की दोघी निघायचो. इंदूताईंच्या पिशवीत दोन डबे असायचे, एक माझ्यासाठी. कधी घावणे, कधी कांदेपोहे. कुठल्यातरी इमारतीच्या तळमजल्यावर, बाकावर नंबर लावून बसायचं आणि डबा खायचा. बाकावरची माणसं त्यांना ओळखायची. ‘‘काय हो, गुडघ्यातलं पाणी उतरलं का?’’ ‘‘तुमच्या सुनेची अर्धशिशी कशी आहे?’’ ऑफिसात ज्यांच्यापासून लोक पळायचे, त्या इंदूताई इथे बसल्या की लोक सरकून जागा द्यायचे.

मग त्यांचा नंबर लागायचा. समोरचा माणूस विचारायचा, ‘‘बोला, कुठे दुखतंय?’’

त्या क्षणी त्यांच्याकडे बघावं. पदर नीट करायच्या, पाठ ताठ करायच्या आणि पहिल्यापासून सगळं सांगायच्या. कोणी खांद्यावर बोटं ठेवली की डोळे मिटायच्या. ‘‘इथे?’’ ‘‘जरा खाली.’’ ‘‘इथे?’’ ‘‘हां.’’ आणि ‘कशानं झालं, काही जड उचललं होतं का?’ असं विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘‘बादली. पाण्याची बादली.’’

माझी मान महिन्याभरात बरी झाली. उपचारांनी नव्हे, उशी बदलली म्हणून. पण घरी मी ते सांगितलं नाही. ‘‘अजून कोर्स पुरा व्हायचाय,’’ असं सासूबाईंना सांगत राहिले. आठवड्यातले ते तीन तास मला कोणी हाक मारत नव्हतं. मला वाटतं, इंदूताईंना माझी लबाडी कळली होती. कारण एकदा बाकावर त्या हळूच म्हणाल्या, ‘‘मान हलवताना जरा जपून हलव. फार छान हलायला लागलीय.’’

आम्ही असं सात-आठ महिने फिरलो. खांदा जिथल्या तिथे होता आणि इंदूताईंची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. मग कोणीतरी जोगेश्वरीतल्याच एका आक्काचं नाव सांगितलं. मालवणकडची म्हातारी, चाळीच्या टोकाच्या खोलीत खोबरेल तेलानं मोडलेलं-मुरगळलेलं बसवून द्यायची. पाटी नाही, बाक नाही, भिंतीवर तळव्यांचा तक्ता नाही. ‘‘घराजवळच आहे, जाऊन बघू,’’ इंदूताई म्हणाल्या. पण मला दिसत होतं, की बाक नाही हे काही त्यांना पसंत नव्हतं.

आक्काने त्यांना चटईवर बसवलं आणि काही न विचारता तेलाचा हात खांद्यावर ठेवला. इंदूताईंनी नेहमीप्रमाणे सांगायला सुरुवात केली, ‘‘त्याचं असं झालं, की एक दिवस पाण्याची बादली...’’

आक्काचा अंगठा खांद्याच्या मागच्या बाजूने हळूहळू सरकत होता. तो एका जागी थांबला.

‘‘बादलीन असा होना नाय, बाय,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यो खांदो माणूस उचललेलो आसा. कोणाक उचलीत होतंस?’’

इंदूताईंची बादली अर्ध्यावरच राहिली. मी त्यांना कधी मध्येच थांबलेलं बघितलं नव्हतं.

‘‘आवशीक,’’ त्या म्हणाल्या. आईला. त्यांच्या तोंडून गावची भाषा मी पहिल्यांदाच ऐकली.

‘‘किती वर्सां?’’

‘‘नव.’’

आक्काने मान डोलावली आणि परत काम सुरू केलं. ती दाबत गेली आणि इंदूताई समोरच्या भिंतीकडे बघत सांगत गेल्या. नऊ वर्षं आई अंथरुणाला खिळलेली. एक बाजू लुळी. सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी तिला उठवून बसवायचं, पुसायचं, भरवायचं. संध्याकाळी परत तेच. खाट भिंतीला लागून, त्यामुळे उचलायचं ते एकाच बाजूने. डावा खांदा तिच्या काखेखाली घालायचा. आई डोकं त्या खांद्यावर टाकायची आणि दर वेळी म्हणायची, ‘‘दुखता काय गो तुका?’’

‘‘मी नाही म्हणायचे,’’ इंदूताई म्हणाल्या. ‘‘नऊ वर्षं नाही म्हटलं.’’

मी दाराशी चपलांजवळ बसले होते. शेजारच्या टेबलावर पाच वर्षं बसून मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

आक्काकडे आम्ही तीन शनिवार गेलो. तिसऱ्या शनिवारी तिने इंदूताईंचा डावा हात मनगटाला धरला आणि सरळ वर नेला. हात कानाला लागला. इंदूताई त्याच्याकडे दुसऱ्याचा असल्यासारख्या बघत राहिल्या.

‘‘झाला तुजा काम,’’ आक्का हात पुसत म्हणाली. ‘‘आता येव नको.’’

‘‘अजून थोडं आहे,’’ इंदूताई घाईने म्हणाल्या. ‘‘आत. खोल.’’

‘‘खंय?’’ आक्काने एकदा सगळीकडून दाबून बघितलं. ‘‘नाय गो. माका कळता ना. काय एक नाय थंय.’’

आम्ही बाहेर पडलो. चाळीच्या पायऱ्यांवर इंदूताई खाली बसल्या. समोर नळावर बायका भांडत होत्या, कोणाच्या तरी खोलीत माशाची फोडणी पडली होती. मी म्हटलं, ‘‘अहो इंदूताई, झकास झालं की! एवढ्या जणांना जमलं नाही ते म्हातारीने करून दाखवलं.’’

त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला होता आणि उजव्या हाताने तो खांदा चाचपत होत्या, किल्ली हरवल्यावर माणूस खिसे चाचपतो तसा.

‘‘आई गेली तेव्हा सगळं गेलं गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खाट दिली, पांघरुणं दिली, औषधांच्या बाटल्या टाकल्या. एवढं राहिलं होतं.’’ मग जरा वेळाने, ‘‘आता शनिवारी काय करू, मीना?’’

मी म्हटलं, ‘‘आराम करा.’’

त्यानंतर ऑफिसात खिडकीतल्या बाटल्या गेल्या. रूळ गेला. इंदूताईंची वेणी सरळ झाली. कोणी कसं काय विचारलं तर त्या ‘‘बरं आहे’’ म्हणायच्या आणि टाइप करत राहायच्या. पिंटोसाहेब मला म्हणाले, ‘‘मिस केळुसकर एकदम सुधारली, नाही?’’ माझाही कोर्स अर्थातच संपला. शनिवारी मी सरळ घरी जायला लागले. पहिल्या शनिवारी वाईट वाटलं, दुसऱ्या शनिवारी धाकट्याला ताप होता, आणि मग ते अंगवळणीच पडलं.

दीडेक महिन्याने, एका शनिवारी ऑफिस सुटताना इंदूताई माझ्या टेबलाशी आल्या. उगीच टाचण्यांची डबी सरळ केली.

‘‘तुला घाई आहे का गं? एक काम होतं. दोन माणसांचं आहे.’’

मी त्यांच्या खोलीवर प्रथमच जात होते. दहा बाय बाराची खोली, चकचकीत फरशी. एका भिंतीला खाटेच्या उंचीवर रंग घासला गेलेला होता. जमिनीवर मधोमध एक मोठी पत्र्याची ट्रंक उघडी पडली होती.

‘‘आईची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती आजारी पडली तेव्हा मीच माळ्यावर टाकली होती. मग हात वर जाईना. परवा सहज हात घातला, तर आली खाली.’’

ट्रंकेत नऊवारी लुगडी होती. डांबराच्या गोळ्यांचा वास, घड्यांवर पिवळे पट्टे. त्यांनी त्यातली काही काढून दोरीवर वारा द्यायला टाकली होती. ‘‘घडी मोडली की मग एकटीला घालता येत नाही. नऊ वार आहे. खाली लोळतं.’’

मी पर्स खाली ठेवली. आम्ही एक हिरवं लुगडं घेतलं. दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. खोली पुरेना, म्हणून मी दाराबाहेर पॅसेजमध्ये गेले. ताणलं, झटकलं, मग काठाला काठ जुळवून मी त्यांच्याकडे चालत आत आले आणि माझी टोकं त्यांच्या हातात दिली. हाताला हात लागला. मी खाली वाकून लोंबणारी घडी उचलली आणि परत मागे गेले. परत जवळ आले. दर खेपेला अंतर कमी होत होतं. शेवटच्या घडीला आम्ही समोरासमोर उभ्या होतो, मध्ये फक्त ते लुगडं. इंदूताईंनी ते माझ्या हातांसकट धरलं आणि जरा वेळ तसंच धरून ठेवलं.

घरी माझी वाट बघत असतील, हे मला माहीत होतं. दोरीवर अजून सहा लुगडी होती. मी पुढचं उतरवलं आणि त्याची दोन टोकं त्यांच्या हातात देऊन दाराकडे चालू लागले.