साडेअकराचं ग्रहण

गायसमुद्रे सर वेळ ठोक्यांत मोजत. त्यांचा एक ठोका म्हणजे चार मिनिटं त्रेचाळीस सेकंद. "जोशी सर, दोन ठोक्यांत आलो," असं म्हणून ते स्टाफरूममधून उठले, की साडेनऊ मिनिटांच्या आत-बाहेर परत हजर. चहा तीन ठोक्यांचा, तास साडेनऊ ठोक्यांचा, अंडं उकडायला दोन ठोके. प्रयोगशाळेतले हमीदभाई तर इतके तयार झाले होते, की साखर आणायला पाठवलं तर म्हणायचे, "सर, दुकान बंद हाय, चार ठोके तरी लागतेल."

हे ठोके कुणाचे, हे नव्या माणसाला सांगावं लागे. ते एका मेलेल्या ताऱ्याचे. दक्षिणेकडच्या आकाशात, हजारो प्रकाशवर्षं दूर असलेल्या आणि कुणालाही न दिसणाऱ्या एका ताऱ्याचे. घाटनांदूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने, शाळेची घंटा समोर टांगलेली असताना, त्या ताऱ्यावर घड्याळ का लावावं, हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी एकमेकांना विचारला. त्यांना कुणी विचारला नाही. त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि ते किमान नऊ ठोके चाललं असतं.

मी तिथे गणित शिकवत होतो. आता माझं वय शहात्तर आहे. या वयात लोक मृत्युपत्र दुरुस्त करतात, मी स्मरणिका दुरुस्त करतो आहे. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या स्मरणिकेत मी 'आमचे ग्रहण सर' नावाचा लेख लिहिला. लोकांना तो फार आवडला. दोघांनी तर फोन करून सांगितलं, की हसून पोट दुखलं. त्या लेखातला मुख्य प्रसंग खोटा आहे. घडला नाही अशातला भाग नाही. घडला, पण ज्याच्यामुळे घडला त्याचं नाव मी लिहिलं नाही. ते नाव लिहिण्यासाठी हा लेख.

आधी तो तारा. गायसमुद्रे वर्गात सांगायचे तसंच सांगतो. एक तारा जळून संपला आणि दबून दबून एवढासा झाला. एवढासा म्हणजे केवढा? "इथून अंबाजोगाईपर्यंत. तेवढाच आडवा. आन् वजन किती? सूर्याच्या दीडपटीहून जास्त." त्याच्या शेजारी एक भलाथोरला जिवंत तारा. त्या थोरल्याच्या अंगावरून सारखा वारा सुटलेला. "खळ्यात ज्वारी उफणताना भुसकट उडतंय का न्हाई? तसं. अन् हा मेलेला शेजारी बसून सगळं वढून घेतो. वरून पडताना ते इतकं जोरात पडतंय, की तापून कोट्यवधी अंश होतंय, आन् मग त्यातून क्ष-किरण निघतेत." मेलेला तारा स्वतःभोवती फिरतो, म्हणून ते किरण थांबून थांबून आपल्याकडे येतात. "तेलघाण्याच्या बैलाच्या शिंगाला बॅटरी बांधली समजा. चक्कर पुरी झाली की उजेड डोळ्यावर. चार मिनिटं त्रेचाळीस सेकंद, एक चक्कर."

क्ष-किरण हवेतून खाली येत नाहीत. म्हणजे हा माणूस ज्याच्यावर जीव टाकून बसला होता, ते त्याला जन्मात दिसणार नव्हतं. अवकाशातल्या परदेशी दुर्बिणी मोजणी करत, ती संकेतस्थळावर फुकट टाकत, आणि गायसमुद्रे प्रयोगशाळेतल्या एकुलत्या एक संगणकावर ती उतरवून आलेख काढत. एका आलेखासाठी संगणक तीनदा बंद पडायचा. हमीदभाई त्याच्या पाठीत एक विशिष्ट चापट मारायचे, मग तो चालू व्हायचा. इंजिनियरला बोलावून पाहिलं होतं. त्याला ती चापट जमली नाही.

गावात बातमी पसरली, की कॉलेजात एक सर ताऱ्याचा एक्स-रे काढतात. सिरसाळ्याकडून एक म्हातारबा आला आणि गुडघा पुढे करून म्हणाला, "सायेब, ताऱ्याचा काढताव तर माझा बी काढा." आम्ही स्टाफरूममध्ये लोळायचे बाकी राहिलो. गायसमुद्रे हसले नाहीत. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, म्हाताऱ्याला स्कूटरवर बसवलं आणि अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. त्या दिवशीचे दोन तास बुडाल्याबद्दल त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. खुलासा मागणाऱ्या पत्रावर उपप्राचार्य म्हणून माझी सही होती.

आता ग्रहण. तो मेलेला तारा थोरल्याभोवती फिरतो, आणि दर नऊ दिवसांनी त्याच्या मागे जातो. मग क्ष-किरण बंद. जवळजवळ दोन दिवस बंद. हे ऐकून आमच्या आस्थापनेतल्या धार्मिक मंडळींची पंचाईत झाली. ग्रहण म्हटलं की पाळायला हवं. एका क्लार्कने तर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "जोशी सर, ह्याचं सुतक-बितक काही असतं का?" गायसमुद्रे बौद्ध, लहानपणापासून सूर्यग्रहणात भजी खात आलेले. त्यांनी पलीकडून ऐकलं. "पाळा की," ते म्हणाले. "वर्षातून अडीच महिने उपाशी राहावं लागंल. पोट बी उतरंल."

त्या वर्षी विज्ञान दिनाला ठरलं, की गायसमुद्र्यांचं ग्रहण जाहीर करायचं. योग असा, की त्याच दिवशी ग्रहण लागत होतं. त्यांची योजना साधी होती. कार्यक्रमात वेळ जाहीर करायची, दुसऱ्या दिवशी आलेख लावून खरं-खोटं दाखवायचं. त्यावर त्यांचं बरंच काही अवलंबून होतं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत शिक्षकांसाठी तीन महिन्यांचं काम होतं. तिथे जायला आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची शिफारस लागत होती, आणि अध्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशालाच शिफारस देत नसत. नात्यातला माणूस असेल तर गोष्ट वेगळी.

गायसमुद्र्यांनी वेळ काढून मला चिठ्ठी दिली. 'जागतिक वेळ १७.०० – आपली करून घ्या.' सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. शिवाय मी जोशी. आमच्या घरात तीन पिढ्या पंचांग बघून मुहूर्त काढून देत होत्या. ग्रहणाची वेळ जोशाने काढायची, यात कुणाला, खुद्द गायसमुद्र्यांनाही, काही वावगं वाटलं नाही.

जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ होते. मी वजा केले. एम. एस्सी. गणित, पहिला वर्ग. सतरातून साडेपाच गेले, साडेअकरा. किती सोयीची वेळ! अध्यक्ष अकराला येणार, साडेअकराला ग्रहण. मी लगेच फोन लावला. "साहेब, तुमच्या डोळ्यांसमोर तारा विझणार." अध्यक्ष खूश. म्हणाले, "मग तर येतोच. त्या दिवशी नारायणगडावरच्या कीर्तनाचं निमंत्रण हाय, तिकडं दुसऱ्या दिवशी जाईन."

आदल्या दिवशी दुपारी निवेदन सुवाच्य अक्षरात उतरवताना माझ्या लक्षात आलं. मिळवायचे होते. ग्रहण रात्री साडेदहाला होतं. मंडप उभा होता. अध्यक्षांच्या गाडीचं ठरलं होतं. शेजारच्या खोलीत गायसमुद्रे आलेखाची कागदं चिकटवत होते. दहा पावलं चालून मी "गायसमुद्रे, घोटाळा झाला" एवढं म्हणायचं होतं. मी मनाशी म्हटलं, तारा एवढा लांब आहे, अकरा तास इकडे-तिकडे होत असतील. पंचांगवाल्यांच्या घराण्यात असा विचार करणारा मी पहिलाच.

दुसऱ्या दिवशी मी ध्वनिक्षेपकावरून साडेअकराचं ग्रहण जाहीर केलं. गायसमुद्रे तेव्हा प्रयोगशाळेत होते, हमीदभाईंसोबत संगणक जागा करत. दुर्बिणीची मोजणी संकेतस्थळावर यायला तीन-चार तास लागतात. ही अडचण आमच्याकडे नव्हती, आमच्याकडे भाषणं होती. अध्यक्षांना आलेख आजच बघायचा होता, म्हणून तीन वाजता हमीदभाईंनी चापट मारली आणि मंडपातल्या पडद्यावर आलेख उमटला. ठिपके खाली यायला हवे होते. ते वर गेले. तो तारा अधूनमधून अचानक भडकतो, त्या दिवशी सकाळी तो नेमका भडकला होता.

अध्यक्ष खुर्चीतून म्हणाले, "गायसमुद्रे, साडेअकराला इझनार व्हता न्हवं? तुमचा तारा लई खुशीत दिसतो. का वो, ग्रहणात भजी खाल्ली काय त्यानं?"

सगळा मंडप हसला. पोरं हसली, धार्मिक मंडळी तर विशेष मोकळेपणाने हसली. गायसमुद्रे मंडपाच्या दारात उभे होते. "साडेअकरा कुठून आलं?" असं त्यांनी हळू आवाजात हमीदभाईंना विचारलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात निवेदनाचा कागद होता आणि तो थरथरत होता. त्यांनी एकदाच बघितलं आणि ते मंचावर आले.

"साहेब, वेळ काढताना माझ्याकडून चुकलं," ते म्हणाले.

मी ध्वनिक्षेपक हातात धरून उभा होतो. तो चालू होता.

रात्री साडेदहाला तारा विझला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे. तेव्हा घाटनांदूर झोपलं होतं. शिफारस मिळाली नाही. संगणक शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला ऑफिसात गेला, तिथे चापट मारणारं कुणी नसल्याने दोन महिन्यांत कायमचा बंद पडला. गायसमुद्र्यांचं नाव 'ग्रहण सर' पडलं. त्यांच्या निरोप समारंभात हा किस्सा मीच सांगितला, हावभावांसह. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गायसमुद्रेही हसले. एवढं झाल्यावर तो स्मरणिकेत लिहायला मला लाज वाटण्याचं काही कारणच उरलं नव्हतं.

स्मरणिका छापून आली आणि माझी झोप गेली. तोंडाने सांगितलेलं खोटं हवेत विरतं असं मी धरून चाललो होतो. छापलेलं समोर कपाटात उभं असतं. महिनाभर काढला आणि सिरसाळ्याला गेलो. निवृत्तीनंतर गायसमुद्रे तिथेच राहतात. बायको गेल्यापासून एकटे. मुलगी हैदराबादला. भिंतीवर मोबाइलवरून उतरवून हाताने काढलेले आलेख, कोनाड्यात बाबासाहेबांची तसबीर, तिच्या काचेवर धूळ नाही.

मी चहा व्हायच्या आधीच सांगून टाकलं. उणे साडेपाच, आदली दुपार, दहा पावलं, सगळं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "कागद हालत होता तुमच्या हातातला."

"मग बोलला कावून न्हाई?" मी सिरसाळ्याच्या बोलीत विचारलं. पुस्तकी मराठीत विचारायची हिंमत झाली नाही.

ते म्हणाले, "जोशी सर, त्या स्टाफरूममधे चौदा जण होते. तुमी एकटे रोज चहाला इचारायचे, 'गायसमुद्रे, आज तारा जेवला का?' तुमचं नाव घेतलं असतं तर तुमी बोलायचं सोडलं असतं माझ्याशी. मग इचारलं कोनी असतं?"

"अहो, मी चेष्टेनं विचारत होतो," मी म्हणालो. हेही सांगणं भाग होतं. "बाकीच्यांना हसवायला."

"ते बी ठाऊक हाय. पन त्या निमित्तानं मला रोज एकडाव सांगायला भेटायचं. घरी हिला सांगायचो, तर ती म्हनायची, आधी गॅस बंद करा." ते हसले. मग म्हणाले, "ती गेल्यापासून ते बी न्हाई म्हनत कोनी."

चहा मी केला. त्यांनी साखरेचा डबा कुठे आहे ते सांगितलं, आणि गाळणं शोधताना मी विचारलं, 'आज तारा जेवला का?' तसे ते सांगायला लागले. गेल्या आठवड्यात तो काही तास अचानक मंदावला होता. वारा कमी झाला असेल, की भुसकट वाटेतच अडलं असेल, यावर ते बराच वेळ बोलले. मी किती वेळ, ते मोजलं नाही. मला सगळं कळलं असंही नाही. पण पहिल्यांदाच मी ते विचारलं तेव्हा हसायला कुणी आजूबाजूला नव्हतं.

निघताना म्हटलं, मी हे सगळं लिहून छापणार आहे. ते म्हणाले, "राहू द्या की. पोरं हसतेल तुमाला." मी म्हटलं, हसू द्या.

हा लेख छापायला देण्याआधी त्यांना वाचायला पाठवला. चार दिवसांनी परत आला, लाल पेनाने तपासलेला, जणू बारावीचा पेपर. ताऱ्याचं वजन मी 'सूर्याएवढं' लिहिलं होतं, तिथे 'दीडपटीहून जास्त' केलं होतं. आणखी एकच दुरुस्ती होती. मी शेवटी लिहिलं होतं, 'चूक माझी होती.' त्यातला 'माझी' खोडून त्यांनी वर 'आमची' लिहिलं होतं, आणि समासात बारीक अक्षरात, 'कागद मी तपासायला पाहिजे होता.'

वजनाची दुरुस्ती मी ठेवली आहे. दुसरी ठेवलेली नाही. चूक माझी होती.