पंचवीस टक्के रक्त

सर्जेराव पाटलांच्या घराण्याचा ग्रंथ छापखान्यातून आला त्याच दिवशी त्यांच्या थुंकीचा रिपोर्टही आला, आणि दोघांचं एकमेकांशी पटेना.

ग्रंथ दोनशे चाळीस पानांचा होता. दोन वर्षं खपून सर्जेरावांनी तो स्वतः लिहिला होता. त्यात अकरा पिढ्यांची वंशावळ होती, आणि ती अथपासून इतिपर्यंत पुरुषांची होती. ‘गेल्या तीन पिढ्यांत या घरात कन्या जन्मली नाही’ हे वाक्य तर मलपृष्ठावर ठळक छापलं होतं, जणू ते घराण्याला मिळालेलं पदकच. चौथं प्रकरण त्यांच्या दिवंगत वडिलांवर, म्हणजे तात्यांवर होतं. त्यात लिहिलं होतं, ‘तात्यांचे चारित्र्य गंगाजळासारखे निर्मळ होते.’ पाडव्याला गावच्या मंदिरात प्रकाशन होतं आणि त्यानंतर महिनाभरात विकास सोसायटीची निवडणूक. निवडणुकीला सर्जेराव तात्यांच्याच नावावर उभे राहणार होते, कारण स्वतःच्या नावावर मतं पडतील अशी खात्री त्यांनाही नव्हती.

थुंकीची कल्पना मुलाची, विश्वजीतची. पुण्यात कंपनीत असल्यामुळे त्याचा शास्त्रावर विश्वास. रिपोर्टात एखाद्या सरदाराचं रक्त निघालं तर दुसऱ्या आवृत्तीला बरं, असं त्यानं सुचवलं. नळीत थुंकण्याआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नव्हतं. सर्जेराव अर्धा तास तंबाखूशिवाय बसले. घराण्यासाठी एवढा त्याग त्यांनी यापूर्वी कधी केला नव्हता.

रिपोर्टात सरदार निघाला नाही. निघाली एक बाई. राहणार केडगाव, तालुका दौंड, संपर्कासाठी कुणी ज्ञानेश्वरी. आणि रक्त जुळत होतं पंचवीस टक्के.

“पंचवीस टक्के म्हंजी किती?” सर्जेरावांनी विचारलं.

“फार जवळचं, पप्पा. आजी, आत्या, मावशी, भाची यांच्यापैकी कुणीतरी. नाहीतर...” विश्वजीत अडखळला.

“न्हाईतर काय?”

“नाहीतर सावत्र बहीण.”

सर्जेरावांनी ग्रंथ मांडीवर घेतला आणि एकेक नातं निकालात काढायला सुरुवात केली. दोन्ही आज्या चाळीस वर्षांपूर्वी वारल्या होत्या आणि तेव्हा कुणी कुणाची थुंकी तपासत नसे. आई एकुलती एक, म्हणजे मावशी बाद. ते स्वतःही एकुलते, म्हणजे भाची बाद. राहिली आत्या. त्यांनी वंशावळीचं पान उघडलं. आजोबांपासून दोनच फांद्या निघाल्या होत्या, थोरले तात्या आणि धाकटे हौसराव. आत्या नव्हती. म्हणजे उरली सावत्र बहीण, आणि सावत्र बहीण म्हटली की तात्या आले, आणि गंगाजळ गढूळ झालं.

“अहो, त्या पुस्तकात माझं तरी नाव कुठं हाय?” भाकरी थापता थापता सविताबाई म्हणाल्या. “म्हंजी मी ह्या घरात न्हाईच की काय?”

बायकांना शास्त्रातलं काय कळतं, असं म्हणून सर्जेरावांनी तो मुद्दा उडवून लावला. सबंध तपासात एवढा एकच मुद्दा कामाचा होता.

ते तडक चुलत्यांकडे गेले. हौसरावनाना ऐंशीचे, तीस वर्षं सोसायटीचे चेअरमन, आणि गावात ज्यांना जुनं काही आठवत होतं ते बहुतेक सगळे त्यांचे कर्जदार सभासद. नानांनी गावाचं नाव दोनदा वाचून घेतलं. मग पुतण्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “आता तुझ्यापासून काय लपवायचं, सर्जा. तात्या दरसाल दिवाळीला नवी साडी घिऊन केडगावला जायचा. मुक्कामाला. दुसऱ्या दिशी डोळं सुजवून यायचा.”

“आन् तुम्ही कवा बोलला न्हाई?”

“थोरल्या भावाला काय बोलायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. हा तपास हितंच सोड. केडगावाचं नाव बी काढू नगंस.”

सर्जेरावांना गलबलून आलं. त्यांना वडिलांचा रागही येत होता आणि कीवही. पण रडत बसायला सवड नव्हती. पाचशे प्रतींत गंगाजळ छापून तयार होतं, आणि विरोधी पॅनेलच्या रोहिदासला हे कळलं असतं तर त्यानं चौथं प्रकरण पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं असतं. त्यांनी काळा मार्कर आणवला आणि एकेका प्रतीतलं ते वाक्य खोडायला बसले. शंभर प्रती झाल्यावर मार्कर संपला. खोडलेल्या प्रती त्यांनी मोठ्या लगबगीनं घरोघरी वाटल्या.

खोडलेलं आधी वाचावं हा वाचकांचा जुना नियम आहे. दुसऱ्या दिवशी गावातल्या शंभर घरांत लोक चौथ्या प्रकरणाचं पान उन्हात धरून बसले होते. ज्यांनी जन्मात पुस्तक उघडलं नव्हतं त्यांनीही ते वाक्य पाठ केलं. चहाच्या टपरीवर रोहिदासनं सर्जेरावांना अदबीनं विचारलं, “पाटील, तात्यांचं गंगाजळ आटलं का काय?”

आता केडगावला जाऊन त्या बाईचे पाय धरण्यावाचून इलाज नव्हता. सर्जेरावांनी तोंड बंद ठेवण्याची भेट म्हणून शिरूरच्या बाजारपेठेतून एक भारीतली साडी घेतली आणि न्हावरा, चौफुला करत केडगाव गाठलं. वाटेत वाक्य घोकलं. ‘ताई, झालं गेलं इसरून जावा.’

रेल्वे फाटकापलीकडे शेवंतीच्या शेतात घर होतं. ज्ञानेश्वरी कॉलेजात शिकणारी पोरगी. शास्त्र शिकता शिकता तिनं घरातल्या सगळ्यांच्या थुंक्या पाठवल्या होत्या. तिनं आत हाक मारली आणि काठी टेकत एक म्हातारी बाहेर आली. चांगली चौऱ्याऐंशी वर्षांची.

सर्जेरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. ही जन्मली तेव्हा तात्या दोन वर्षांचे होते. दोन वर्षांच्या पोराचं काय लफडं असणार?

“तात्याचा ना तू?” म्हातारी त्यांच्याकडं निरखून बघत म्हणाली. “नाक त्याचंच हाय. मी म्हाळसा. तुझ्या बापाच्या पाठची. तुझी आत्या लागते मी.”

सर्जेराव तिथंच अंगणात तिच्या पायांवर कोसळले आणि लहान पोरासारखे रडले. त्यांचा बाप निर्मळ होता. साडी भाऊबीजेची होती, मुक्काम बहिणीकडचा होता. या आनंदात दोन गोष्टी विचारायच्या राहून गेल्या. भाऊबीजेहून परतताना बापाचे डोळे का सुजलेले असत, आणि ही बहीण सगळ्या आयुष्यात एकदाही माहेरी का आली नाही. त्याऐवजी त्यांनी आत्याला पाडव्याच्या समारंभाची प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं.

म्हातारीनं एवढंच विचारलं, “हौस्या असंल का तितं?”

“असणार की. नानाच अध्यक्ष हायेत.”

“मंग येते.”

पाडव्याला मंदिराचा मंडप गच्च भरला. चौथं प्रकरण असं गाजल्यावर घरी कोण बसणार? व्यासपीठावर नाना होते, आणि गावातल्या कुठल्याही कार्यक्रमाला असतात तसे तलाठी भाऊसाहेबही होते. पहिल्या रांगेत रोहिदास खोडलेली प्रत उघडून बसला होता. म्हाळसाआत्याला सर्जेरावांच्या हाताला धरून वर येताना पाहिलं आणि नानांच्या हातातला सत्काराचा नारळ घरंगळला.

सर्जेरावांनी माइक घेतला. साडी, दिवाळी, पंचवीस टक्के, सगळं रंगवून सांगितलं. नानांनी त्यांचा सदरा मागून दोनदा ओढला, मग माइकवाल्याला खुणा केल्या. पण सर्जेरावांचा बांध फुटला होता.

“शास्त्राच्या आधारानं सांगतो,” ते गरजले, “ही माझ्या आजोबाची सख्खी लेक हाय. रिपोर्ट माझ्या खिशात हाय. कुणाला शंका असंल त्यानं वर येऊन बघावा.”

टाळ्या पडल्या. रोहिदासनं पुस्तक मिटलं. तात्यांचं नाव धुऊन निघालं आणि सर्जेरावांचा ऊर भरून आला. तेवढ्यात आत्यानं माइक मागितला.

“तात्या दरसाल यायचा आन् रडायचा,” ती सावकाश म्हणाली. “म्हनायचा, म्हाळसे, बाप गेल्यावर जमिनीच्या वारसनोंदीला आम्ही दोघांनी कचेरीत लिहून दिलं की आम्हांला बहीन न्हाई. हौस्यानं लिहिलं आन् मी सही केली. मी म्हनायची, साडी नगं, तेवढं खोडून ये. ते काय त्याच्याच्यानं झालं न्हाई.” तिनं सर्जेरावांच्या पाठीवरून हात फिरवला. “ह्या लेकरानं आज चारचौघांत खोडलं. आता तेवढं भाऊसाहेबांस्नी बी सांग, बाबा. हितंच बसल्यात.”

सर्जेरावांनी नानांकडं पाहिलं. मेलेल्या सख्ख्या भावाच्या माथी बाहेरख्यालीपणा मारताना या माणसाची जीभ का अडखळली नाही, ते त्यांना आता उमगलं. लफड्यानं अब्रू जाते, जमीन एक गुंठाही जात नाही. गंगाजळासारख्या तात्यांचीही त्या कागदावर सही होती, हे मात्र त्यांना अधिक लागलं.

बायकांच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या. सविताबाई उभ्या राहून वाजवत होत्या. मग रोहिदासनं वाजवल्या, आणि शंभरेक मोबाइल सर्जेरावांच्या तोंडावर रोखले गेले.

तलाठी भाऊसाहेबांनी खिशातून पेन काढलं. “अर्ज द्यावा लागेल, पाटील. नोटिसा निघतील, मग नोंद,” ते हळूच म्हणाले. “पण नाव आत्ताच टिपून घेतो. नुसतं म्हाळसाबाई लिहू, का पुढं वडलांचं बी लावू?”

सर्जेरावांनी एकदा नानांकडं, एकदा मोबाइलांकडं आणि शेवटी आत्याकडं पाहिलं.

“वडलांचं लावा,” ते म्हणाले. “घरातलीच हाय ती.”