न बघता कन्फर्म म्हणायचं नाही

नासलेलं दूध मोरीत ओतायच्या आधी कॅप्टन मगदूम पातेलं हातात धरून थांबायचे आणि आत बघून ओरडायचे, "नासलेलं दूध. कन्फर्म?" सुमनवहिनी हातातलं काम टाकून बाहेर यायच्या, पातेल्यात बघायच्या, वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "कन्फर्म." मग दूध जायचं.

आमची पिठाची गिरणी आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. मुंबईत वैमानिकाची नोकरी संपवून ते नव्वदच्या दशकात कोल्हापुरात राहायला आले, तेव्हापासून हे सगळं मी फुकट ऐकत आले. शेवग्याची फांदी, रस्त्याकडची, कन्फर्म? जुना स्वेटर, बोहारणीला, कन्फर्म? जे एकदा केलं की परत फिरवता येत नाही, ते कॅप्टन एकट्यानं करायचेच नाहीत.

एकदा वहिनी नृसिंहवाडीला गेल्या होत्या. कॅप्टन एका हातात पातेलं, दुसऱ्यात दळणाचा डबा घेऊन थेट गिरणीत आले. समोर दळणाची रांग, मी पिठात माखलेली. लांबूनच म्हटलं, "कन्फर्म, कन्फर्म. ओता."

"बघितलासा?"

"तुम्ही म्हणताय नासलंय, तर नासलंच असंल की."

"मग दुसरं माणूस कॉकपिटात बसवायचं कशाला? न बघता कन्फर्म म्हणायचं नाही, मालूताई. त्यापेक्षा गप बसावं."

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी वास घेतला. नासलेलंच होतं.

विमानात इंजिनाला आग लागली की काय करतात, हे त्यांनी त्या दिवशी त्यांचं दळण होईस्तोवर मला सांगितलं. एकानं फक्त विमान उडवायचं. दुसऱ्यानं यादी काढून मोठ्यानं वाचायची. एकेक ओळ वाचायची, एकेक काम करायचं. इंधन तोडायची ओळ आली, की दांड्यावर हात ठेवायचा आणि थांबायचं. "दोन नंबरचं इंजिन. कन्फर्म?" दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं. मगच ओढायचा.

"घाबरलेला माणूस चांगलं इंजिन बंद करतोय," कॅप्टन म्हणाले. "पेटलेलं राहतंय तसंच. शिकताना मी केलंय. खोट्या विमानात, जमिनीवर. शेजारचा न बघताच कन्फर्म म्हणाला आणि मी दांडा ओढला. विमान खोटं, माणसं खोटी. पण मारली ती मीच."

एवढं बोलून त्यांनी पिठाचा डबा उचलला आणि गेले.

मला तो सगळा खुळचटपणा वाटायचा. मग एकदा आमच्या चटणी कुटायच्या डंकाची मोटर पेटली. धूर, बायकांची ओरड, एक जण पाण्याची बादली घेऊन धावलेला. कॅप्टन भिंतीपलीकडून आले आणि गरजले, "पाणी खाली ठेव! कुणी कशाला हात लावायचा न्हाय." स्वतः मात्र बटणाच्या बोर्डावर हात ठेवून उभे. मागं धूर निघतोय आणि हा माणूस शांतपणे विचारतोय, "डावा खटका. डंकाचा. कन्फर्म?"

मी तोंड उघडलं होतं 'हो' म्हणायला. पण बघितलं. "अहो, उजवा! डावा पंख्याचा."

"उजवा. कन्फर्म?"

"कन्फर्म!"

खटका पडला. मोटर गप झाली. वहिनी दारात येऊन बघत होत्या. म्हणाल्या, "तुझं हे एकदाच गं. माझ्या लग्नात काय झालं म्हाईत हाय? हार हातात धरून हे थांबलं की! 'वधू. कन्फर्म?' भटजीचं मंत्र तोंडातच राहिलं. आमच्या मामाला वाटलं, पोरगं आता पळतंय. मी म्हटलं, व्हय बाबा, कन्फर्म, घाल एकदाचा."

कॅप्टन लाजले. "बघून म्हणालीस का पण?"

"बघितलं असतं तर म्हणाले असते व्हय?"

पुढं काही वर्षांनी वहिनींच्या किडन्या निकामी झाल्या. त्यांना बाहेर येणं जमेना, तेव्हा पातेलं पलंगापाशी जाऊ लागलं. त्या मान उचलायच्या, वास घ्यायच्या. मूलबाळ नव्हतं. घरात माणसं दोनच, एक विचारणारं आणि एक बघून सांगणारं.

एकदा मी भाकरी घेऊन गेले तर वहिनी म्हणाल्या, "माझ्यामागं ह्यांना कोण गं सांगणार? हात ठेवून तसंच उभं राहतील."

"तुम्हाला काही होत नाही, वहिनी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "न बघता बोलू नको."

त्या पावसाळा संपता संपता गेल्या. बायका स्मशानात जात नाहीत म्हणतात. मी गेले. कॅप्टनना धरून न्यायला जवळचं कुणी नव्हतं आणि मला गिरणी बंदच ठेवायची होती.

चितेवर शेणी रचून झाल्या. कॅप्टनच्या हातात पेटलेली चूड दिली. ते पुढं झाले, हात खाली नेला आणि थांबले.

भटजी म्हणाले, "लावा, साहेब."

कॅप्टन हलले नाहीत. कुणीतरी मागून म्हणालं, "धीर धरा, काका." दुसरं कुणी म्हणालं, "धरा रे त्यांना." पण हात थरथरत नव्हता. तो नुसता थांबला होता. ओठ हलले, ते मला दिसलं. शब्द ऐकू आला नाही, यायची गरजही नव्हती.

मी पुढं गेले. भटजी काहीतरी पुटपुटले. मी चेहऱ्यावरची एक शेणी बाजूला केली आणि बघितलं. नीट बघितलं. कपाळावर कुंकू, ओठांच्या कडा सुकलेल्या. शेणी परत जागेवर ठेवली.

"सुमनवहिनी," मी म्हटलं. "कन्फर्म."

त्यांनी अग्नी दिला.

महिनाभरानं, सकाळच्या गर्दीत, कॅप्टन पातेलं घेऊन गिरणीच्या दारात उभे. "नासलेलं दूध. कन्फर्म?"

मी हात पुसले, पातेल्यात बघितलं, वास घेतला. "चांगलंय की हो हे."

"व्हय?"

"व्हय."

ते पातेलं घेऊन परत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आता रोज येतात. दूध अजून एकदाही नासलेलं निघालं नाही. मी रोज हात पुसते आणि वास घेते.