सत्तय्यामामांची कात्री

सत्तय्यामामांनी माझ्या अंगावरचा पहिला दोरा कापला तेव्हा आमची ओळखसुद्धा झालेली नव्हती. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीत राहायला येऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते. सकाळी सहाला मी दुधाच्या रांगेत उभी होते. मागं 'कच्' असं काहीतरी वाजलं. वळून बघते तर पांढऱ्या लेंग्यातला एक वाळका म्हातारा माझ्या पदराचं टोक चिमटीत धरून उभा, आणि दुसऱ्या हातात बोटभर लांबीची कात्री. माझ्या तोंडून शब्द फुटेना. भर रस्त्यात परक्या बाईचा पदर! त्यांना मात्र आपण काही वेगळं केलंय असं वाटतच नव्हतं. कापलेला दोरा त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "एक दोरा लोंबला की मानूस उसवतो. जावा आता."

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पण दोरा खरंच लोंबत होता का?" आमच्या ह्यांचं असंच असतं.

मामा आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. उभा जन्म चादरीच्या कारखान्यात गेला. चादर मागावरून उतरली की तिच्यावरचे सुटे दोरे कापून टाकायचे, ही सवय हाताला लागलेली. कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले, कात्री तेवढी खिशात राहिली. समोर चादर नाही म्हटल्यावर मामांनी माणसं घेतली.

कुणाचीही गय नाही. गल्लीतल्या एका लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना मामा तरातरा स्टेजवर चढले. भटजींना वाटलं, मुलीचे कोणी वडीलधारे असतील. मामांनी अंतरपाटाची कड हातात घेतली, निरखून बघितली आणि दोरा कापला. नवरा मुलगा घाबरून एक पाऊल मागं सरकला, त्याची आई चक्क ओरडली. मामा शांतपणे खाली उतरले आणि जिलेबीच्या पंगतीला जाऊन बसले.

मी शिकवते त्या शाळेच्या झेंडावंदनाला तर मी स्वतःच त्यांना बोलावलं होतं, ती माझी चूक. पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि मामांना त्यांच्या जाकिटाच्या मागच्या बाजूला दोरा दिसला. पुढचं मी सांगत नाही. पाहुण्यांच्या माणसांनी मामांचा हात धरला, तो सुटेपर्यंत मुख्याध्यापकांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मला अजून आठवते.

बरं, हे वेडेपण सरसकट नव्हे. त्यात कायदा आहे. शालीच्या, टॉवेलच्या टोकाला मुद्दाम सोडलेली दशी त्यांनी कधी कापली नाही. "दशी येगळी, दोरा येगळा. दशी ठिवलेली असती, दोरा ऱ्हायलेला असतो." आणि सुताचा गुंता झाला तर त्याला कात्री लावायची नाही, हा दुसरा कायदा. माझ्या लोकरीचा एकदा असा काही गुंता झाला की मी सगळी लोकर फेकायलाच निघाले होते. मामांनी तीन दिवस ओट्यावर बसून बोटांनी तो सोडवला आणि गुंडी करून आणून दिली. "दोरा कापायचा. गुंता सोडवायचा."

मी एकदा चिडून म्हटलं, "मामा, कापायच्या आधी निदान विचारत तरी जा की."

"दोऱ्याला काय इचारायचं, टीचरम्मा?"

मी गणित शिकवते म्हणून मी टीचरम्मा. त्यांच्या घरची बोली तेलुगू, त्यामुळं टीचरबाईची टीचरम्मा झालेली. मी अक्कलकोटची, कानडीत वाढलेली. आमचं भांडण मात्र नेहमी मराठीतच होतं.

मामांच्या पत्नी बालामणीमामी गेल्या दिवाळीच्या तोंडावर गेल्या. शेवटचं वर्षभर अंथरुणातच होत्या, आणि त्या वर्षात माझं त्यांच्या घरात जाणं झालंच नाही. मुलगा भिवंडीला, तो आला तसा दिवस करून गेला. मामा एकटे राहिले, पण दोरे कापणं काही थांबलं नाही, उलट जरा वाढलंच. मी ह्यांना म्हटलं, बरं आहे, म्हाताऱ्याला काहीतरी विरंगुळा आहे. आणि त्यावर मी निश्चिंत होते.

एप्रिलातली गोष्ट. सोलापूरचा एप्रिल म्हणजे काय ते मी सांगायला नको. त्या सोमवारी वारा सुटला आणि माझी वाळत घातलेली चादर उडून मामांच्या गच्चीवर गेली. सोमवारी मामा मार्कंडेयाच्या देवळात जातात, त्यामुळं घराला कुलूप. गच्चीचा जिना बाहेरून आहे. मी सरळ वर गेले.

पत्र्याच्या सावलीला एक लाकडी खोकं होतं. पुढं जाळी, वर ओलं गोणपाट. आत मागाखालून झाडून काढलेल्या सुताच्या कचऱ्याचा असावा तसा मळकट गोळा होता. मला वाटलं, मामांनी कापलेले दोरे साठवलेत की काय. तेवढ्यात त्या गोळ्यानं डोळा उघडला.

मी वाकून बघितलं. तो ससा होता. लांब केसांचा, एके काळी पांढरा असलेला ससा. केसांचे दगडासारखे गोळे झाले होते. पोटाखाली, कानामागं, मागच्या पायांत नुसत्या जटा. एक पाय त्या जटांत असा अडकलेला की त्याला तो धड टाकता येईना. नखं वाकडी वाढलेली. मी जाळी उघडली, हात लावला, तर तो नुसता थरथरला.

मला जो काही धक्का बसला तो सशाचा कमी आणि मामांचा जास्त. जगाच्या पदराचा एक दोरा ज्या माणसाला बघवत नाही, त्याच्या घरात हे? वाटीतलं पाणी ताजं होतं, कोथिंबीर हिरवीगार होती, गोणपाट सकाळीच भिजवलेलं होतं. हे सगळं मी बघितलं होतं. पण मला राग आला की गणिताच्या उदाहरणातलं अर्धंच दिसतं, हा माझा जुना रोग. मी तो ससा चादरीत गुंडाळला, खाली उतरले आणि रिक्षा केली.

"मॅडम, ये जिंदा है क्या?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"है. आप चलो."

गुरांच्या दवाखान्यात माझ्या पुढं एक म्हैस आणि दोन शेळ्या होत्या. तेवढ्या वेळात मी मामांना काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं. मुक्या जिवाचे हाल, लाज वाटत नाही का, पोलिसात देते, सगळं ओळीनं. डॉक्टर तरुण होता. त्यानं ससा टेबलावर घेतला, तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं.

"मॅडम, खाण्यापिण्यात याचे हाल नाहीत. दात छान झिजलेत. कडबा खातो वाटतं. वजनही ठीक आहे."

मला ते मुळीच आवडलं नाही. माझं पाठ केलेलं अर्धं भाषण तिथंच वाया गेलं.

"पण हे केस आजच्या आज निघाले पाहिजेत," तो पुढं म्हणाला. "आत कातडी ओली झालीय. माशी बसली की अळ्या पडतात, मग मी काही करू शकणार नाही. त्यात हा उन्हाळा. दोन दिवससुद्धा थांबू नका."

"मग काढा की."

त्यानं मशीन लावून बघितलं, पण ते त्या गोळ्यांत शिरेना. मोठी कात्री घेतली तर ससा दचकून टेबलावरून उडी मारायला बघे. "याची कातडी भिजलेल्या कागदासारखी असते. जरा चुकलं की फाटणार. आणि भूल दिली तर हा घाबरलेला जीव उठेल याची खात्री नाही. याच्या ओळखीचं कोणी नाही का? हात स्थिर असलेलं?"

मी ससा परत चादरीत गुंडाळला. सोलापुरातला सगळ्यात स्थिर हात कुणाचा, ते मला चांगलं माहीत होतं.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळली तेव्हा मामा रस्त्यात उभे होते. पायात चप्पल नाही, ऊन डोक्यावर. गटारात वाकून बघत होते. मला बघून धावत आले आणि म्हणाले, "टीचरम्मा, माझं कुंदेलू गेलं. जाळी उघडीच ऱ्हायली का काय. मांजरानं नेलं असंल."

कुंदेलू म्हणजे तेलुगूत ससा. आठ वर्षांत मी या माणसाला घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. मी चादर उलगडून दाखवली आणि त्यांनी तो ससा माझ्या हातातून असा काही घेतला की माझं उरलेलं भाषणही संपलं. तरी मी दम सोडला नाही. घरात गेल्यावर म्हटलं, "डॉक्टरनं सांगितलंय, आजच केस कापायचे. नाहीतर हा मरतो. घ्या कात्री."

"वद्दू," मामा म्हणाले. म्हणजे नको. "कात्री न्हाय. मी सोडवतो."

"मामा, हे सूत नाही."

"रोज सकाळी दोन तास बसतो. बोटानं सोडवतो. पर एक सुटतो, दोन हुत्यात." त्यांनी मला बोटं दाखवली. नखांपाशी पांढरे केस अडकलेले होते. दोन तास, रोज, आणि मी त्याला हाल म्हणत होते.

"मग कापत का नाही? जगाचे दोरे कापता."

मामा सशाच्या कानामागं खाजवत राहिले. बोलले ते सशाकडं बघूनच.

"हे तिचं हाय. नातीनं दिलेलं, आजीला सोबत म्हनून. ती पडून हुती ना, तिच्या केसांचा बी असाच गुंता झाला. रोज सोडवायचो. दुखायचं तिला, रडायची. एक दिवशी दुपारी झोपली हुती. मी म्हनलं, झोपेतच कापून टाकतो, तिला कळनार बी न्हाय. कापले. लई सफाईनं कापले, टीचरम्मा. उठली, डोक्यावरनं हात फिरवला. मग माझ्याशी शेवटपतोर बोललीच न्हाय. फणी तेवढी हातात धरून बसायची, आणि या कुंदेलूला इंचरायची."

मी मामींचं शेवटचं दर्शन घेतलं होतं. बारीक कापलेले केस बघितले होते. मला वाटलं, औषधानं गेले असतील. कुणाला विचारलं नाही, मामांना तर नाहीच. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की मी उगाच आवाज चढवला.

"मामींना उठवून विचारलं असतं तर काय म्हणाल्या असत्या?"

"काप म्हनली असती. तरास तिला बी हुताच की."

"मग याला विचारा आणि कापा," मी म्हटलं. खरं सांगते, मी वैतागून म्हटलं होतं. सशाला कोण काय विचारणार?

पण मामांनी मान डोलवली. मामींच्या खाटेवरची उशी खाली घेतली, तिच्यावर ससा ठेवला, खिशातली कात्री काढली आणि वाकून त्याच्या कानाशी म्हणाले, "कत्तिरिंचना?"

कापू का. मग थांबले. सशाचं नाक हललं. सशाचं नाक हलतंच, ते काय होकार आहे? पण मामांनी हुं म्हटलं, कातडी दोन बोटांत बाजूला धरली आणि पहिला गोळा अलगद कापला. ससा दचकला नाही. दुसऱ्या गोळ्याला पुन्हा, "कत्तिरिंचना?" पुन्हा थांबणं. प्रत्येक गोळ्याला विचारलं, एकही सोडला नाही. मी पंख्यानं वारा घालत होते आणि माझे डोळे गळत होते, दोन्ही एकदमच चाललं होतं. कापलेले केस मामा सवयीनं खिशात टाकत होते. शेवटी खिसा फुगून छातीवर आला. मागचा पाय मोकळा झाला तेव्हा कुंदेलूनं तो लांब ताणला आणि जरा वेळानं उशीवरनं खाली उडी मारली. कातडी कुठंही फाटली नव्हती. उरला होता एक किडकिडीत, हास्यास्पद ससा, सगळ्या अंगाला खाचा पडलेला. हे त्याला बघायला आले आणि म्हणाले, "न्हावी कोण होता?" त्या दिवशी मामा पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाच्या रांगेत उभी होते. मागनं हाक आली, "टीचरम्मा."

वळून बघितलं. मामा दोन हात लांब उभे होते. कात्री हातात होती, पण मिटलेली.

"पदराला दोरा लोंबतोय," ते म्हणाले. "कापू का?"

आठ वर्षांपूर्वी याच रांगेत माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तसा तो आताही फुटेना. मी नुसता पदर पुढं केला.