भागुजी तात्यांची हरकत

भागुजी तात्यांची जीभ जांभळी दिसली की आमच्या नेवाशात लोक विचारायचे, "तात्या, आज कुणाचा नंबर?" तात्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात दोन वस्तू कायम असत. एक चार घड्या घातलेला कार्बन पेपर आणि दुसरी ती ओली केली की जांभळी उमटणारी पेन्सिल. तक्रार लिहायची म्हटली की तात्या पेन्सिल जिभेवर टेकवत, कार्बन लावत आणि दोन प्रती काढत. एक साहेबाला, एक स्वतःला. जीभ किती रंगली यावरून तक्रार किती लांबली तेही कळायचं.

मी तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर आणि तात्यांचा भिंतीला भिंत शेजारी. माणूस शेतकरी, सातवी फायनल पास, पण हरकत घेणं त्यांच्या पाचवीलाच पुजलेलं. कुणी काही नियम सांगितला की तात्यांचा प्रश्न ठरलेला, "लेखी हाय का?" नसला तर पुढचं वाक्यही ठरलेलं, "मंग माझी हरकत हाय." एसटीत तक्रारपुस्तक असतं हे आमच्या तालुक्यात निम्म्या लोकांना तात्यांमुळे कळलं. त्यांना चढताना पाहिलं की कंडक्टर आपणहून खिडकीची जागा मोकळी करून द्यायचे.

लोक त्यांना भांडकुदळ म्हणत. मला ते कधीच पटलं नाही. भांडकुदळ माणसाला भांडण हवं असतं, तात्यांना निकाल हवा असायचा. दुष्काळात धान्याला जिल्हाबंदी होती तेव्हाची गोष्ट. प्रवरासंगमच्या पुलापाशी नाका बसला होता. एसटी थांबली की नाक्यावरची माणसं आत शिरत आणि बायकांची गाठोडी उचकटत. त्यात लुगडी निघत, पोरांच्या कुंच्या निघत, ज्वारी काही निघत नसे. सगळी गाडी आपापल्या जागी बसून पुटपुटायची. मीही त्यातलाच. तात्या एक दिवस खाली उतरले आणि नाक्यावरच्या साहेबाला म्हणाले, "झडती घ्या. बंदी लेखी हाय, मी वाचलीय. पर बायांची गाठोडी बायाच सोडतील, तुमी निस्तं बघा. ह्यात तुमचं काय जातं?"

साहेबाने विचार केला. खरंच काही जात नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तीच रीत पडली.

"मास्तर," घरी येताना तात्या म्हणाले, "समोरच्याला देता यील तेवढंच मागावं. आन ते मागितल्यावर जाग्यावरनं हालू नये."

या माणसाला एकाच ठिकाणी हार होती, आणि ती घरात. त्यांची बायको सोजरकाकू. तिची पहिली दोन बाळं पाच दिवसही पुरी जगली नव्हती. तिसऱ्या खेपेला सुमन झाली तेव्हा काकूने घरातला जुना विळा उशाखाली ठेवला. लोखंड उशाशी असलं की बाळाला काही बाधत नाही म्हणतात. पाचव्या रात्री त्याच विळ्याची पूजा करायची, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, म्हणजे सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते.

तात्यांनी विचारलं, "लेखी हाय का?"

"सटवाई लिहिती की," काकू म्हणाली.

"मंग दाखव मला."

आणि त्यांनी विळा गोठ्यात नेऊन टाकला. ओली बाळंतीण उठून गोठ्यात गेली आणि विळा परत घेऊन आली. पुढे वीस वर्षं तात्या हा किस्सा हसून सांगायचे. काकू मात्र त्याला कधी हसली नाही. ती गेली तेव्हा विळा स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला होता, आणि तो तिथेच राहिला.

सुमन लग्न होऊन दिल्लीला गेली होती. जावई तिकडे नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी आता बाईमाणूस नव्हतं, म्हणून ती तिकडेच राहिली. एका सकाळी तार आली की सुमनला दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात घातलंय, लगेच या. रेल्वेने फार वेळ गेला असता, म्हणून जावयाने मुंबईहून विमानाचं तिकीट काढून ठेवलं होतं.

"पोर माहेरी यीना, तर माहेर तिकडं न्यायाचं," तात्या म्हणाले आणि बाळंतविडा बांधायला बसले. झबली, टोपडी, दुपटं, वेखंड, मुरडशेंग, बाळगुटी उगाळायची सहाण. वेखंड अख्खं न्यायचं की कुटून, हे त्यांनी माझ्या बायकोला तीनदा विचारलं. शेवटी खुंटीवरचा विळा काढून त्यांनी दुपट्यात गुंडाळला. मी त्यांना पोचवायला मुंबईला गेलो.

त्या काळात विमानं पळवण्याच्या बातम्या येत होत्या आणि विमानतळावर झडती नुकतीच सुरू झालेली. एक टेबल, त्यामागे फौजदार, दोन शिपाई. पोचवायला आलेल्यांना अडवायला दोरी बांधली होती, मी तिच्या अलीकडे उभा होतो. तात्यांच्या पुढे कोट घातलेले एक शेठ होते. बॅग उघडायला सांगितली तसे ते तडकले. "मी कोण आहे ठाऊक आहे का? वरपर्यंत जाईन, तुमची बदली करीन." फौजदाराने शांतपणे त्यांची झडती दोनदा घेतली.

मग तात्या. फौजदाराने गाठोड्याला हात घालताच ते म्हणाले, "हरकत हाय. मी सोडतो, तुमी बघा."

फौजदार हसला. तात्या एकेक वस्तू मांडत गेले. वेखंडाची पूड काय आहे म्हणून शिपायाने नाकाशी नेली आणि चार शिंका दिल्या. मग दुपटं उलगडलं आणि टेबलावर विळा पडला. रांग दोन पावलं मागे सरली.

"हे विमानात नेता येणार नाही, आजोबा."

"लेखी हाय का?"

फौजदाराने खण उघडला आणि शिपायांसाठी मराठीत टाइप केलेला हुकूम पुढे ठेवला. तात्यांच्या सगळ्या आयुष्यात समोरच्याकडे लेखी निघाल्याचे फार थोडे प्रसंग असतील. त्यांनी शब्दाशब्दावर बोट ठेवून तो पुरा वाचला. "बराबर हाय," ते म्हणाले.

"मग विळा तुमच्या माणसाकडे द्या." मी दोरीवरून हात पुढे केला. तात्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"पोरीच्या पाचवीला लागतोय, साहेब."

"दिल्लीत विळे मिळतात की. आणि हाच विळा लागतो असं कुठे लिहिलंय?"

तात्यांनी विळ्याच्या मुठीवरून हात फिरवला.

"कुठंच न्हाई," ते म्हणाले. "हेच मी पोरीच्या आईला इचारलं हुतं, साहेब. तिची दोन लेकरं गेल्ती आन मी तिला लेखी मागत हुतो. आता ती न्हाई. पोरीच्या उशाशी तिचं म्हणून ठिवायला माझ्यापाशी दुसरं काय हाय?"

मग ते बाजूला झाले आणि टेबलाशेजारी फरशीवर मांडी घालून बसले. "लोकांस्नी जाऊ द्या. माझी हरकत त्यांच्यावर न्हाई. मी हितंच बसतो."

शिपायाने त्यांना उठवायला हात पुढे केला. तात्या जागचे हलले नाहीत, आवाजही चढला नाही. "साहेब, तुमच्या कागदात प्रवाशानं जवळ बाळगू नये असं हाय. इमानात असू नये असं न्हाई. मला जवळ नकोच. इमानातल्या तुमच्या माणसाकडं बांधून द्या, दिल्लीला उतरल्यावर मला द्या. मंग कागदही राहिला आन विळाही गेला. ह्यात तुमचं काय जातं?"

फौजदाराने हुकूम पुन्हा वाचला. रांगेतली एक म्हातारी बाई म्हणाली, "अहो, पाचवीचा आहे, पाठवा की." शेठही मान हलवत होते. फौजदार फोनवर बराच वेळ बोलला आणि मग विळा खाकी कागदात बांधून लाखेने बंद केला.

"पावती," तात्या म्हणाले आणि बंडीतून कार्बन काढला.

महिन्याने ते परत आले. नात झाली होती, मायलेकी सुखरूप होत्या. "पाचवी कुणी मांडली?" माझ्या बायकोने विचारलं. "मीच," तात्या म्हणाले. "कागद, लेखणी, समदं."

मग ते मला आत घेऊन गेले. खुंटी रिकामी होती. विळा नातीच्या उशाशीच ठेवून आले होते. काकूच्या फोटोपुढे उभे राहून त्यांनी पावतीची घडी उलगडली आणि मोठ्याने वाचलं, "एक विळा, जुना, लाकडी मुठीचा. मुलीच्या पाचवीच्या पूजेसाठी आवश्यक. खाली फौजदाराची सही, शिक्का." कागद त्यांनी फोटोसमोर धरला. "सोजर, लेखी मिळालं बघ."

पेन्सिल जिभेला लावून त्यांनी पावतीखाली लिहिलं, माझी हरकत मागे घेतली आहे. खाली सही केली.

"तात्या, कार्बन लावायचा राहिला," मी म्हणालो.

"नको," कागद फोटोमागे सरकवत ते म्हणाले. "हारलेल्या हरकतीची प्रत आपल्यापाशी ठिवत न्हाईत, मास्तर."